डॉक्टर जोडप्यांचा ‘कपल्स मॅच’: दोघांना एकाच गावात रेसिडेन्सी कशी मिळते?

फेब्रुवारी संपत आला की माझ्या ओपीडीत काही आईबाबांचा रक्तदाब हमखास वाढलेला दिसतो. गोळ्या वेळेवर चालू असतात, मीठही कमी केलेले असते. दोन वाक्ये बोलल्यावर खरे कारण कळते. मुलगी किंवा मुलगा अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी अर्ज करून बसलेला असतो, जावई किंवा सूनही डॉक्टरच असते, आणि मार्चमध्ये ‘मॅच’चा निकाल असतो. मग प्रश्न येतो, “डॉक्टर, दोघांनी मिळून अर्ज केलाय म्हणे. म्हणजे एकाला मिळाली की दुसऱ्यालाही मिळणार ना?”

तसे नसते. जोडअर्जाने कोणालाही जास्तीची जागा मिळत नाही. आपल्याकडे सरकारी नोकरीतल्या बदल्यांमध्ये ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असते, त्यामुळे तसेच काहीतरी असेल असे अनेकांना वाटते. पण हा प्रकार वेगळा आहे, आणि तो नीट समजला नाही तर चांगले गुण असलेली दोन मुले एकाच वेळी जागेविना राहू शकतात. म्हणून हा लेख.

आधी एकट्याचा मॅच समजून घेऊ

अमेरिकेत एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेतलेल्या डॉक्टरला स्वतंत्रपणे रुग्ण तपासण्याआधी एखाद्या रुग्णालयात रेसिडेन्सी करावी लागते. इंटर्नल मेडिसिनची तीन वर्षे, जनरल सर्जरीची पाच. या जागांचे वाटप 1952 पासून एका मध्यवर्ती पद्धतीने होते. ती चालवणारी संस्था म्हणजे नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम, थोडक्यात एनआरएमपी.

उमेदवार आधी अर्ज करतो, मग जिथून बोलावणे येईल तिथे मुलाखती देतो. मुलाखती झाल्यावर तो आपल्या पसंतीचा क्रम लावून यादी भरतो. रुग्णालयेही मुलाखत घेतलेल्या उमेदवारांची क्रमवार यादी भरतात. दोन्ही याद्या संगणकात जातात आणि जोड्या लागतात. निकाल दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो. ‘जागा आवडली नाही, दुसरी द्या’ म्हणायची सोय नाही.

संगणक काम कसे करतो ते साधे आहे. उमेदवाराच्या यादीतल्या पहिल्या रुग्णालयाकडे तो त्याचे नाव नेतो. तिथे जागा असेल तर ती तात्पुरती धरून ठेवली जाते. पुढे त्या रुग्णालयाला अधिक पसंत असलेला दुसरा उमेदवार आला आणि जागा भरलेल्या असतील, तर यादीत सर्वांत खाली असलेला बाहेर पडतो आणि त्याचे नाव त्याच्या पुढच्या पसंतीकडे जाते. सगळ्यांची नावे स्थिर होईपर्यंत हे चालते. शेवटी ‘मला ते रुग्णालय जास्त हवे होते आणि त्यांनाही मी जास्त हवा होतो’ असे म्हणू शकेल अशी एकही जोडी उरत नाही. या पद्धतीमागच्या गणिताबद्दल आणि तिच्या प्रत्यक्ष वापराबद्दल लॉइड शॅप्ली आणि अल्विन रॉथ यांना 2012 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

जोडअर्ज म्हणजे काय?

दोन उमेदवार आपल्या याद्या एकमेकांना बांधून घेतात, एवढाच त्याचा अर्थ. लग्न झालेले असण्याची अट नाही. मित्र-मैत्रीण, बहीण-भाऊ, कोणीही दोघे चालतात, फक्त दोघे त्याच वर्षीच्या त्याच मॅचमध्ये असले पाहिजेत. विषय वेगळे असले तरी हरकत नाही.

दोघांच्याही यादीत ओळींची संख्या सारखी असते. तिच्या यादीतली तिसरी ओळ आणि त्याच्या यादीतली तिसरी ओळ मिळून एक पसंती होते. संगणक वरून खाली येत जातो आणि ज्या ओळीवर दोघांनाही जागा मिळते, तिथे थांबतो. एकाला मिळाली आणि दुसऱ्याला नाही, तर ती पूर्ण ओळ बाद.

रुग्णालये मात्र जोडप्याची यादी करत नाहीत. ती प्रत्येक उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या गुणवत्तेवर क्रम देतात. त्यामुळे “नवऱ्याच्या वशिल्याने आलेली” किंवा “बायकोमुळे घेतलेला” असा डॉक्टर या पद्धतीतून तयार होत नाही. अमेरिकेत उपचार घेणाऱ्या नातेवाइकांनीही याबाबत निश्चिंत राहावे.

एक उदाहरण

समजा तुमची मुलगी इंटर्नल मेडिसिनसाठी आणि जावई जनरल सर्जरीसाठी अर्ज करत आहे. मुलाखती झाल्यावर दोघे बसून ओळी लावतात. पहिली ओळ: दोघेही क्लीव्हलंड शहरात, वेगवेगळ्या रुग्णालयांत. दुसरी: दोघेही डेट्रॉइटमध्ये. तिसरी: ती क्लीव्हलंडला, तो ॲक्रनला. ही दोन गावे साधारण साठ किलोमीटरवर आहेत, म्हणजे मधे कुठेतरी घर घेता येईल. चौथी: ती डेट्रॉइटला, तो क्लीव्हलंडला. इथे पावणेतीनशे किलोमीटरचे अंतर आले, म्हणजे भेट फक्त सुट्टीच्या दिवशी.

आता क्लीव्हलंडच्या रुग्णालयाने मुलीला वरचा क्रम दिला आहे, पण जावयाला तिथल्या सर्जरी विभागाने खूप खाली ठेवले आहे. पहिली ओळ बाद होते. डेट्रॉइटमध्ये दोघांनाही जागा मिळते, संगणक तिथे थांबतो. मुलगी एकटी असती तर तिच्या पहिल्या पसंतीच्या क्लीव्हलंडला गेली असती. एकत्र राहण्याची किंमत म्हणून तिने ती जागा सोडली. जोडअर्जात ही देवाणघेवाण जवळजवळ नेहमी असते, आणि ज्याची कामगिरी जास्त चांगली आहे त्याला ती अधिक द्यावी लागते. हे मुलांनी आधीच मोकळेपणाने बोललेले बरे. मार्चनंतर बोलले तर त्याचे टोमणे होतात.

ओळी किती लागतात याचा अंदाज घरच्यांना नसतो. दोघांना प्रत्येकी दहा ठिकाणी मुलाखती झाल्या असतील तर दहा गुणिले दहा, म्हणजे शंभर जोड्या शक्य आहेत. एकच रुग्णालय वेगवेगळ्या जोडीदार-जागांसह अनेक ओळींत येऊ शकते. म्हणून फेब्रुवारीत तुमची मुलगी रात्री दोन वाजता एक्सेल शीट उघडून बसलेली असेल तर तिला झोपायला सांगण्यापेक्षा चहा करून दिलेला बरा.

‘नो मॅच’ची ओळ

माझ्या मते या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

अनेकांची समजूत अशी की जोडीने जागा मिळाली नाही, तर संगणक दोघांच्या याद्या सोडवून प्रत्येकाला वेगळी जागा शोधून देतो. तो तसे करत नाही. जोडीने भरलेल्या सगळ्या ओळी बाद झाल्या, तर दोघेही जागेविना राहतात. त्यातल्या एकाला दहा रुग्णालये आनंदाने घ्यायला तयार असली तरीही.

यावर उपाय पद्धतीतच दिलेला आहे. ओळीत एकाच्या नावापुढे रुग्णालय आणि दुसऱ्याच्या नावापुढे ‘नो मॅच’, म्हणजे ‘जागा नको’ असे लिहिता येते. वरच्या उदाहरणात एकत्र राहण्याच्या सगळ्या जोड्या संपल्यावर शेवटी ‘ती क्लीव्हलंड, तो जागेविना’, ‘ती जागेविना, तो डेट्रॉइट’ अशा ओळी येतील. दहा-दहा मुलाखती असतील तर या आणखी वीस ओळी. एकूण एकशेवीस.

या ओळी घालायच्या की नाहीत, हा प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी दोघांना मिळून सोडवावा लागणारा संसाराचा प्रश्न आहे. ‘एकाचे वर्ष वाया गेले तरी चालेल, पण निदान एकाची गाडी पुढे जाऊ दे’ असे वाटत असेल तर त्या घालाव्यात. त्या घालायच्या असतील तर आधी कोणाची जागा वाचवायची, तिची की त्याची, हेही ठरवावे लागते, कारण ओळींना क्रम असतो. आपल्या घरांमध्ये इथे नकळत मुलाच्या करिअरला वरची ओळ मिळते. सासू-सासऱ्यांनी आणि आई-वडिलांनी या चर्चेत मत मागितल्याशिवाय देऊ नये, हा माझा प्रामाणिक सल्ला.

एकाच्या नावापुढे ‘मुख्य’ लिहायचा काळ

1952 मध्ये पद्धत सुरू झाली तेव्हा डॉक्टर नवरा-बायको दोघे एकाच वर्षी अर्ज करण्याची उदाहरणे तुरळक होती. सत्तरच्या दशकात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींची संख्या वाढली आणि अडचण समोर आली. तेव्हाच्या सोयीनुसार जोडप्याला आपल्यातला एक ‘मुख्य सदस्य’ जाहीर करावा लागे आणि दोघे खरेच जोडपे आहेत असे महाविद्यालयाच्या डीनने सांगावे लागे. मुख्य सदस्याला आधी जागा मिळे. मग दुसऱ्याच्या यादीतून लांबची गावे काढून टाकत आणि उरलेल्यांत त्याचे नशीब पाहत. यात दोघांची मिळून पसंती विचारलीच जात नव्हती. अनेक जोडपी मग मॅचच्या बाहेर, थेट रुग्णालयांशी बोलून जागा ठरवू लागली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, जागांच्या जोड्यांना क्रम देण्याची आजची पद्धत आली. 1998 मध्ये अल्विन रॉथ आणि इलियट पेरॅन्सन यांनी तयार केलेली नवी गणनपद्धत लागू झाली. ती उमेदवारांच्या बाजूने सुरुवात करते आणि जोडप्यांना मुळातूनच सामावून घेते.

तरीही जोडप्यांमुळे गणितात एक गाठ राहतेच. एकटा उमेदवार बाहेर पडला की तो पुढच्या पसंतीकडे जातो, गोष्ट तिथे संपते. जोडप्यातला एक बाहेर पडला की दुसऱ्यालाही आपली धरलेली जागा सोडावी लागते. ती जागा ज्यांना आधी नाकारली होती, त्यांचा मग पुन्हा विचार करावा लागतो. कधी कधी हे चक्र संपतच नाही. सर्वांत छोटे उदाहरण पाहा. दोन रुग्णालये, प्रत्येकी एक जागा. एका जोडप्याला एकच ओळ मान्य आहे: ती पहिल्या रुग्णालयात, तो दुसऱ्यात. एक एकटा उमेदवार आहे, त्याला पहिले रुग्णालय जास्त आवडते, पण दुसरेही चालते. पहिल्या रुग्णालयाला एकट्यापेक्षा ती पसंत आहे. दुसऱ्याला मात्र जावयापेक्षा एकटा पसंत आहे. जोडपे बसवले तर एकटा दुसऱ्या रुग्णालयात जाऊन जावयाला हटवतो, म्हणून मुलगीही निघते. पहिले रुग्णालय रिकामे झाले की एकटा तिकडे जातो. मग दुसरे रिकामे होते, जोडपे परत येते, एकटा हटतो, आणि पुन्हा तेच. सर्वांचे समाधान होईल अशी मांडणी इथे अस्तित्वातच नाही.

हे वाचून घाबरू नका. प्रत्यक्ष मॅचमध्ये 40 हजारांहून अधिक उमेदवार असतात आणि जोडपी हजार-बाराशेच्या आसपास. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात अशी गाठ सुटते. निकाल वेळेवर लागतो.

जोडीने अर्ज केला तर शक्यता कमी होते का?

जोडीने अर्ज करणाऱ्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक जणांना अलीकडच्या वर्षांत जागा मिळाली आहे. हा आकडा घराघरात फिरतो आणि दिलासा देतो. पण त्यातली बहुतांश मंडळी अमेरिकेतच शिकलेली असतात, आणि त्यांचे एकट्याने मॅच होण्याचे प्रमाणही 90 च्या पुढेच असते. भारतातून एमबीबीएस करून गेलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या उमेदवारांचे एकट्याचे प्रमाण साधारण 60 टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. आपल्या मुलांनी दुसरा आकडा डोळ्यांसमोर ठेवून यादी करावी. म्हणजे अधिक ठिकाणी अर्ज, एका शहराचा हट्ट नको, आणि शेवटी ‘नो मॅच’च्या ओळी.

मुलाखतींच्या काळात एक गोष्ट उपयोगी पडते. एकाला एखाद्या शहरातून बोलावणे आले, की दुसऱ्याने त्याच शहरातल्या आपल्या विषयाच्या विभागाला नम्र पत्र लिहावे: माझ्या जोडीदाराला तुमच्या शहरात मुलाखत आहे, आम्ही जोडीने अर्ज करत आहोत, माझा अर्ज पाहावा. हे चालते आणि काही वेळा त्यातून बोलावणे येते. जोडअर्ज केल्याचे रुग्णालयाला सांगायचे की नाही, हा मात्र उमेदवाराचा निर्णय. सांगण्याची सक्ती नाही.

डोळ्यांचा विषय आणि युरॉलॉजी यांच्या जागा वेगळ्या, आधी होणाऱ्या मॅचमधून भरतात. जोडीदारापैकी एकाला ऑफ्थॅल्मॉलॉजी आणि दुसऱ्याला मेडिसिन हवे असेल तर याद्या बांधता येत नाहीत. पहिल्याचा निकाल आधी लागतो, आणि मग दुसरा त्या गावाभोवती आपली यादी रचतो.

व्हिसाचा हिशोबही ओळी लावण्याआधी करावा. कोणते रुग्णालय जे-1 व्हिसा देते आणि कोणते एच-1बी, हे रुग्णालयागणिक बदलते. जे-1 वर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरला नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ती टाळायची तर सहसा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते. दोघेही जे-1 वर असतील तर दोघांनाही आपापली सोडवणूक करावी लागते, आणि आज जुळवलेले एक गाव तीन-पाच वर्षांनी पुन्हा सुटू शकते.

मॅचचा आठवडा

मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी कुठे जागा मिळाली ते कळते. त्याआधीच्या सोमवारी फक्त ‘मिळाली’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते. जागा न मिळालेल्यांना त्याच आठवड्यात उरलेल्या जागांसाठी पुन्हा अर्ज करता येतो. या फेरीला ‘सोप’ म्हणतात. त्यात जोडअर्ज चालत नाही, प्रत्येक जण एकटा असतो. आलेली संधी दोन तासांच्या आत स्वीकारावी किंवा सोडावी लागते. त्या दिवशी घरून सारखे फोन करू नयेत.

मॅच झाल्यावर नाते तुटले तरी जागेचे बंधन कायम राहते. याद्या भरण्याच्या अंतिम मुदतीपर्यंत मात्र दोघांपैकी कोणीही जोड सोडवून एकट्याने यादी भरू शकतो.

ब्रिटन आणि भारत

ब्रिटनमध्ये पदवीनंतरचा दोन वर्षांचा फाउंडेशन प्रोग्रॅम असतो. तिथेही दोघांना अर्ज जोडता येतात. तिथे वाढलेल्या मराठी मुलांच्या आईवडिलांना ही पद्धत माहीत असावी, कारण तिचा अर्थ अमेरिकेपेक्षा सैल आहे. दोघांनी विभागांचा क्रम सारखाच ठेवायचा आणि दोघांना एकाच ‘फाउंडेशन स्कूल’मध्ये घालायचे, एवढेच आश्वासन असते. हे स्कूल म्हणजे एखादे रुग्णालय नव्हे, मोठा भूप्रदेश. संपूर्ण स्कॉटलंड हे एकच स्कूल आहे. त्यामुळे जोडअर्ज यशस्वी होऊनही एक इन्व्हर्नेसला आणि दुसरा ग्लासगोला असू शकतो, मोटारीने तीन तासांहून अधिक अंतरावर. 2024 पासून तिथे गुणांऐवजी संगणकाने दिलेला क्रमांक आणि उमेदवाराची पसंती यांवर वाटप होते.

आपल्याकडे नीट पीजीच्या समुपदेशनात जोडअर्जाची सोय नाही. नवरा-बायको दोघेही आपापल्या रँकवर, आपापले पर्याय भरतात. एकाला नागपूर आणि दुसऱ्याला कोल्हापूर मिळाले तर ती दोघांची अडचण. पर्याय भरताना एकमेकांची यादी समोर ठेवून गावे जुळवणे, एवढेच हातात असते. त्यात ज्याची रँक खालची आहे, त्याला मिळू शकणाऱ्या गावांपासून सुरुवात केली तर अंदाज अधिक बरोबर येतो.

अमेरिकेतल्या रेसिडेंटला आठवड्याला सरासरी 80 तासांपर्यंत काम असू शकते. दोघे रात्रपाळीहून परत येणारे घर एकच असणे म्हणजे काय, हे त्या तीन-पाच वर्षांत कळते. म्हणूनच मुले या याद्यांमध्ये एवढा जीव ओततात. तुमच्या घरी यंदा असा अर्ज असेल तर दोन प्रश्न जरूर विचारा: “शेवटी नो मॅचच्या ओळी घातल्या का, की विचार करून सोडल्या?” आणि “मुदतीआधी दोघांनीही आपापली यादी प्रमाणित केली का?” बाकी काळजी तुमच्या रक्तदाबाच्या डायरीत लिहा, आणि पुढच्या भेटीला ती घेऊन या.